सरोवरातील बेट कोणते मानावे? माथा, खिंड आणि पातळी यांवरून निर्णय करण्याची रीत

एकाच सरोवराच्या दोन नकाशांत बेटांच्या दोन वेगळ्या संख्या आढळणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि बहुतेक वेळा दोन्ही नकाशे आपापल्या परीने बरोबर असतात. एक नकाशा सरोवर काठोकाठ भरलेले असताना केलेला असतो, तर दुसरा पाणी उतरल्यावर. एका नकाशाकाराने पाण्याबाहेर डोकावणारा प्रत्येक खडक धरलेला असतो, तर दुसऱ्याने ठरावीक क्षेत्रफळाखालचे सगळे गाळलेले असते. म्हणून ‘या सरोवरात बेटे किती?’ या प्रश्नाला हात घालण्यापूर्वी कोणत्या पाण्यात, किती मोठी आणि कोणत्या कामासाठी मोजायची हे लिहून काढावे. पुढे दिलेली रीत नैसर्गिक सरोवरांना आणि धरणांच्या जलाशयांना सारखीच लागू पडते.

समुद्रापुरती व्याख्या तयार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारातील कलम १२१ नुसार नैसर्गिकरीत्या तयार झालेला, पाण्याने वेढलेला आणि भरतीच्या वेळीही पाण्यावर राहणारा भूभाग म्हणजे बेट. ही व्याख्या सरोवरासाठी जशीच्या तशी उचलता येत नाही. सरोवरातील भरती-ओहोटी इतकी क्षीण असते की तिच्यावर निकष उभारता येत नाही. तेथील पाण्याची खरी चढउतार पाऊस, दुष्काळ, बर्फ वितळणे आणि धरणाचे दरवाजे यांवर अवलंबून असते. शिवाय ‘नैसर्गिकरीत्या तयार झालेला’ ही अट जलाशयांत पेचात टाकते. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवून १९१३ च्या सुमारास गातून सरोवर भरले, तेव्हा एका डोंगराचा वरचा भाग पाण्याने वेढला गेला आणि बारो कोलोरादो हे बेट अस्तित्वात आले. येथे जमीन निसर्गाची आहे आणि पाणी माणसाने आणलेले आहे, तरीही उष्णकटिबंधीय अरण्याच्या अभ्यासासाठी जगभर प्रसिद्ध असलेल्या या जागेला बेट म्हणायला कोणी हरकत घेत नाही. सरोवरापुरता विचार करताना जमीन कशी तयार झाली यापेक्षा पाणी तिला कसे वेढते यावर भर द्यावा, असे माझे मत आहे.

माथा आणि खिंड

पाण्यातून वर आलेल्या प्रत्येक उंचवट्यासाठी दोन उंच्या शोधाव्यात. पहिली त्याच्या माथ्याची, म्हणजे सर्वांत उंच बिंदूची. दुसरी त्याच्या खिंडीची. उंचवट्यापासून काठापर्यंत सरोवराच्या तळावरून चालत जाण्याचे जे अनेक मार्ग कल्पिता येतात, त्यांपैकी सर्वांत उथळ मार्गावरचा सर्वांत खोल बिंदू म्हणजे येथे खिंड. पाण्याची पातळी खिंडीच्या वर आणि माथ्याच्या खाली असेल, तर तो उंचवटा त्या दिवशी बेट आहे. पातळी खिंडीच्याही खाली गेली, तर तो काठाला जोडलेला द्वीपकल्प होतो; माथ्याच्या वर गेली, तर पाण्याखालचा खडक किंवा उथळ भाग होतो.

समजा, एका उंचवट्याचा माथा ४२० मीटरवर आणि खिंड ४१६ मीटरवर आहे. त्याच सरोवरातील दुसऱ्या उंचवट्याचा माथा ४१७.२ मीटरवर आणि खिंड ४०५ मीटरवर आहे. पाणी ४१८ मीटरवर असताना पहिला बेट असतो आणि दुसरा बुडालेला असतो; ४१५ मीटरवर पहिला काठाला जोडला जातो आणि दुसरा वर येऊन बेट होतो. दोन्ही वेळा मोजणाऱ्याला एकच बेट दिसते, पण ते बेट तेच नसते. नुसत्या संख्येवर विसंबून राहण्यातला धोका यावरून लक्षात येईल. दोन उंच्यांची नोंद मात्र पाणी कितीही हलले तरी उपयोगी पडते, कारण उंचवटा कोणत्या पट्ट्यात बेट असतो हे त्यातून कायमचे कळते.

माथ्याची उंची काढणे सोपे आहे. पाण्याच्या पातळीपासून ती थेट मोजता येते. खिंडीसाठी खोली मोजावी लागते. लहान सरोवरात वजन बांधलेली खुणांची दोरी पुरते, मोठ्या सरोवरात ध्वनिलहरींनी खोली मोजणारे यंत्र होडीवर लावावे लागते. नवखा माणूस उंचवट्यापासून जवळच्या काठापर्यंत सरळ रेषेत खोली मोजतो आणि तेथेच फसतो, कारण सर्वांत उथळ मार्ग सर्वांत जवळचा असेलच असे नाही. तो वळसा घालून एखाद्या ओढ्याने आणलेल्या गाळाच्या जिभेवरून जात असेल, किंवा शेजारच्या दुसऱ्या उंचवट्यामार्गे काठाला लागत असेल. जुना खोलीचा नकाशा उपलब्ध असल्यास समान खोलीच्या रेषांवरून हा मार्ग आधी शोधावा आणि मगच होडी पाण्यात घालावी. जलाशयाच्या बाबतीत धरणापूर्वीचा भूभागाचा नकाशा मिळाला, तर खिंडींचे काम बरेचसे बसल्या जागी होते.

दोन उंचवटे एकमेकांशी जोडलेले असतील तर त्यांच्यामधील खिंडही वेगळी नोंदवावी. भरल्या पाण्यात ती दोन बेटे आणि उतरत्या पाण्यात एकच, अशी स्थिती अनेकदा येते. अशा जोडीला एक धरावे की दोन, हे आपण निवडलेल्या पातळीनेच ठरवावे.

कोणती पातळी धरावी

उंचवट्यांचे पट्टे हाती आल्यावर त्यांच्याशी कोणती पातळी ताडून पाहायची हा निर्णय करावा लागतो, आणि संपूर्ण कामात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. जलाशयात पूर्ण संचय पातळी ही नैसर्गिक निवड ठरते, कारण ती धरणाच्या कागदपत्रांत निश्चित केलेली असते. चीनमधील शिन्आनच्यांग धरणाच्या जलाशयात, ज्याला सहस्रद्वीप सरोवर म्हणतात, १,०७८ बेटे सांगितली जातात. त्या आकड्याच्या मागे पाणी १०८ मीटरवर असावे आणि बेट पाव हेक्टरपेक्षा मोठे असावे, अशा दोन अटी आहेत. संख्या कशी सांगावी याचा हा चांगला नमुना आहे. अटी काढून टाकल्या, तर उरलेला आकडा तपासता येत नाही.

नैसर्गिक सरोवरात अशी ठरवून दिलेली पातळी नसते, म्हणून पातळीच्या उपलब्ध नोंदींवरून दीर्घकालीन सरासरी काढावी आणि तिच्यासोबत नोंदींतील उच्चांक व नीचांकही द्यावेत. उथळ, सपाट तळाच्या सरोवरांत या तीन आकड्यांतील अंतर निर्णय पूर्णपणे उलटवू शकते. अमेरिकेतील ग्रेट सॉल्ट लेकमध्ये १९८० च्या दशकातील उच्चांक आणि २०२२ मधील नीचांक यांत सुमारे सात मीटरचा फरक आहे. तेथील सर्वांत मोठे बेट म्हणवणारे अँटिलोप आयलंड पाणी कमी असलेल्या वर्षांत कोरड्या चिखलपट्ट्याने काठाला जोडलेले असते. अशा ठिकाणी ‘बेट’ किंवा ‘बेट नव्हे’ असा शिक्का मारण्याऐवजी नोंदींच्या काळातील किती टक्के वेळ पाणी त्या उंचवट्याच्या पट्ट्यात होते हे द्यावे. नव्वद टक्क्यांहून अधिक वेळ असेल तर कायमचे बेट, दहा टक्क्यांहून कमी असेल तर यादीबाहेर आणि मधले सगळे हंगामी, अशी विभागणी मला व्यवहारात सोयीची वाटते. या टक्केवारीला कोणत्याही कायद्याचा आधार नाही. कोणी ऐंशी आणि वीस धरले तरी बिघडत नाही, फक्त ते लिहून ठेवावे.

एकाच दिवसाच्या वाचनावर पातळी ठरवू नये. लांब आणि उथळ सरोवरात जोराचा वारा पाणी एका टोकाला रेटतो. ईरी सरोवरात वादळी वाऱ्याने दोन टोकांच्या पातळ्यांत दोन मीटरहून अधिक फरक पडल्याची उदाहरणे आहेत, आणि अशा दिवशी पश्चिम टोकाचे कित्येक उथळ भाग उघडे पडतात. ते बेट म्हणून नोंदवणे चूक ठरेल.

वेढणारे पाणी एकाच सरोवराचे असावे

जमीन पाण्याने वेढलेली आहे, एवढ्याने ती सरोवरातील बेट ठरत नाही. फिनलंडमधील सोइसालो हा सुमारे १,६०० चौरस किलोमीटरचा भूभाग चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला आहे, पण ते पाणी अनेक सरोवरांचे आणि त्यांना जोडणाऱ्या प्रवाहांचे असून त्यांच्या पातळ्यांत काही मीटरचा फरक आहे. त्याला देशांतर्गत पाण्यातील सर्वांत मोठे बेट म्हणणारेही आहेत आणि ते नाकारणारेही. माझ्या मते कसोटी सरळ आहे: भूभागाला होडीने पूर्ण फेरी मारताना कोठे प्रवाह चढावा किंवा उतरावा लागत असेल, तर ते नद्या-सरोवरांच्या जाळ्यातील बेट म्हणून वेगळ्या यादीत घालावे. सरोवराच्या मुखाशी नदीच्या दोन शाखांत अडकलेल्या जमिनीलाही हेच लागू होते.

याउलट सरोवरापेक्षा बेट मोठे असले, तरी अडचण मानण्याचे कारण नाही. कॅनडातील मानिक्वागान येथे उल्कापाताने झालेल्या विवरात दोन अर्धवर्तुळाकार सरोवरे होती. १९७० च्या सुमारास धरणामुळे ती एकत्र येऊन बांगडीसारखा गोल जलाशय झाला आणि मधला भाग रने-लव्हास्यूर बेट म्हणून सुटा पडला. हे बेट सुमारे २,०२० चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याला वेढणाऱ्या पाण्याचे क्षेत्रफळ त्याहून किंचित कमी भरते. तरीही सगळे पाणी एका पातळीचे आहे, म्हणून ते सरोवरातील बेटच. सर्वांत मोठे सरोवरी बेट मात्र ह्युरॉन सरोवरातील मॅनिटूलिन, सुमारे २,७६६ चौरस किलोमीटरचे. त्यावर स्वतःची सरोवरे आहेत आणि त्या सरोवरांत पुन्हा बेटे आहेत. ती मोजताना ती ह्युरॉनची न धरता आतल्या सरोवराच्या खात्यावर मांडावीत, नाहीतर एकच जमीन दोनदा मोजली जाते.

जमीन तळाला टेकलेली असावी

तरंगणाऱ्या वनस्पतींचे थर दुरून हुबेहूब बेटांसारखे दिसतात, उपग्रहाच्या प्रतिमेत तर अधिकच. मणिपूरमधील लोकटक सरोवरात अशा थरांना फुमडी म्हणतात. त्यांचा साधारण पाचवा हिस्सा पाण्यावर आणि उरलेला पाण्याखाली असतो, आणि कैबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यानातील फुमडीवर संगाई हरणांचा वावर असतो. हरणाचे वजन पेलणाऱ्या गोष्टीला बेट का म्हणू नये, हा प्रश्न रास्त आहे. परंतु तरंगत्या थराला खिंड नसते, आणि पाण्याबरोबर तो वर-खाली होत असल्याने त्याच्या माथ्याची उंचीही स्थिर नसते. म्हणजे वर सांगितलेली कसोटी त्याला लावताच येत नाही. म्हणून फुमडी स्वतंत्र नोंदवाव्यात. त्याच सरोवरातील थांगा आणि करांग या टेकड्यांची बेटे मात्र सरळ यादीत येतात.

गुंतागुंत अशी की पाणी उतरले की फुमडी तळाला टेकते आणि तिची मुळे तळातून पोषण घेतात. १९८३ मध्ये इथाई बंधारा झाल्यापासून पातळी चढी राहू लागली आणि हे टेकणे कमी झाले. टेकलेल्या काळापुरते तिला बेट मानू नये, कारण पाणी चढताच ती पुन्हा सुटते. तितिकाका सरोवरातील उरू लोकांची तोतोरा गवताची बेटे तर माणसांनीच रचलेली असतात आणि खालचा थर कुजत जाईल तसा वरून नवा थर घालावा लागतो. नाव बेटाचे असले तरी या कसोटीत ती बांधकामे होत.

पूल, भराव, कालवा आणि बर्फ

पुलामुळे काही बदलत नाही, कारण त्याखालून पाणी वाहते आणि खिंडीची उंची तीच राहते. भराव घातला की खिंड उंच होते. तो पाण्याच्या नेहमीच्या पातळीच्या वर असेल आणि त्यात मोऱ्या नसतील, तर ते बेट राहत नाही. मोठ्या मोऱ्या असतील तर मी त्याला बेट धरतो, निव्वळ नळ टाकलेले असतील तर नाही. येथे दुमत होऊ शकते. कालवा खणला की उलट घडते. सुमात्रामधील तोबा सरोवरातील सामोसीर पूर्वी अरुंद पट्टीने काठाला जोडलेले होते; डच राजवटीत ती पट्टी कापून कालवा काढला गेला आणि सहाशे चौरस किलोमीटरहून मोठ्या भूभागाला चहूबाजूंनी पाणी लागले. अशा बेटासमोर ‘कालव्यामुळे’ एवढी टीप द्यावी.

बर्फ ही जमीन नव्हे. बैकाल सरोवरातील ओल्खोन बेटावर हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरून वाहने जातात, आणि सुपीरियर सरोवरातील आयल रॉयल बेटावर १९४० च्या दशकाच्या अखेरीस लांडगे बर्फावरूनच पोहोचले. त्यामुळे बेटपण बुडत नाही. मात्र प्राण्यांच्या अभ्यासासाठी यादी करणाऱ्याने गोठण्याचे महिने वेगळ्या स्तंभात द्यावेत.

हेतूमुळे कसोटी कशी बदलते याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण कॅलिफोर्नियातील मोनो सरोवराचे आहे. त्याला मिळणाऱ्या ओढ्यांचे पाणी १९४१ पासून लॉस एंजेलिस शहराकडे वळवले गेले आणि पातळी सतत उतरत गेली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस नेगिट बेटाकडे जाणारी पट्टी उघडी पडली, कोल्ह्यासारखे कायोटी प्राणी चालत तेथे पोहोचले आणि कुरव पक्ष्यांची मोठी वसाहत उद्ध्वस्त झाली. नकाशाकाराच्या दृष्टीने पट्टी उघडी पडल्याचा दिवस हाच बेट संपल्याचा दिवस. पक्ष्यांच्या दृष्टीने पट्टीवर पायाच्या घोट्याइतके पाणी उरले तेव्हाच संरक्षण संपलेले असते. म्हणून पक्ष्यांसाठी यादी करताना खिंडीवर किमान किती पाणी हवे ते शिकारी प्राणी पाहून ठरवावे आणि तेवढे अंतर खिंडीच्या उंचीत मिळवावे. नौकानयनासाठी हा प्रश्नच उद्भवत नाही. तेथे पाण्याखाली दोन हात असलेला माथा अधिक घातक.

किमान आकार

आकाराची खालची मर्यादा निसर्ग देत नाही. चेक भूगोलज्ञ यारोमिर कोरचाक यांनी दाखवून दिले की बेटांच्या आकारांची वाटणी अतिशय एकांगी असते: मोठी मोजकी आणि लहान असंख्य. परिणामी मर्यादा जितकी खाली आणावी तितकी संख्या वाढत जाते आणि कोठेही ती आपणहून थांबत नाही. क्षेत्रफळाची बेरीज मात्र फारशी हलत नाही, कारण ती मोठ्या बेटांनीच व्यापलेली असते. म्हणून दोन सरोवरांची तुलना करायची असेल तर बेटांच्या एकूण क्षेत्रफळावर अधिक विश्वास ठेवावा.

काही ठिकाणी आकाराऐवजी जीवसृष्टीची अट घालतात. ऑन्टॅरिओ सरोवरातून बाहेर पडणाऱ्या सेंट लॉरेन्स नदीतील सहस्र बेटांसाठी जमीन वर्षभर पाण्यावर असावी आणि तिच्यावर झाड असावे अशी कसोटी रूढ आहे. झाडाची अट दिसते तितकी बाळबोध नाही, कारण झाड जगले याचा अर्थ तेथे माती टिकते आणि माथा वर्षानुवर्षे बुडालेला नाही. उजाड ज्वालामुखी खडकांच्या किंवा खाऱ्या सरोवरांत मात्र ती निरुपयोगी ठरते. माणसांच्या वस्तीची अट तर कोठेच घालू नये. व्हिक्टोरिया सरोवरातील मिगिंगो हा अर्ध्या एकराच्या आसपासचा खडक पत्र्याच्या घरांनी गच्च भरलेला आहे, आणि त्याहून शेकडो पट मोठी बेटे ओस पडलेली आहेत.

उपग्रह प्रतिमांवरून काम करताना मर्यादा प्रतिमाच ठरवते. लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमेतील एक चौकट (पिक्सेल) ३० मीटर बाजूची, म्हणजे ९०० चौरस मीटरची असते; सेंटिनेल-२ च्या बारीक प्रतिमेत ती १० मीटर बाजूची, म्हणजे १०० चौरस मीटरची. एकट्यादुकट्या चौकटीवर विश्वास ठेवू नये, कारण होडी, फेस, माशांचे पिंजरे किंवा लव्हाळ्याचा पुंजकाही तशीच चौकट उमटवतो. निदान पाच-सहा लगतच्या चौकटी असल्याखेरीज बेट धरू नये. कोपऱ्याने कोपऱ्याला टेकलेल्या दोन चौकटी जोडलेल्या मानायच्या की नाही, हेही आधी ठरवावे. या एका निवडीने संख्या लक्षणीय बदलते. मी कोपरा जोड मानत नाही, पण मग पाण्याच्या चौकटी कोपऱ्यातून जोडलेल्या धराव्या लागतात, अन्यथा त्या जागी जमीनही तुटते आणि पाणीही. काठावरील उंच कड्यांच्या सावल्या पाण्यासारख्या गडद दिसतात आणि काठाला जोडलेला सुळका बेट भासवतात, म्हणून वेगवेगळ्या वेळच्या प्रतिमा ताडून पाहाव्यात. लँडसॅटच्या आधारे १९८४ पासून जगातील प्रत्येक चौकटीवर किती टक्के वेळा पाणी आढळले याचा नकाशा युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राने खुला केलेला आहे. टक्केवारीच्या पद्धतीसाठी तो फार उपयोगी पडतो.

नोंद कशी ठेवावी

प्रत्येक उंचवट्यासाठी माथा, खिंड, निवडलेल्या पातळीला असलेले क्षेत्रफळ, कोणत्या दिवशी व कशाने मोजले, आणि निर्णय इतके लिहावे. निर्णय शेवटी ठेवावा, म्हणजे पुढच्या माणसाला तो न पटल्यास आधीच्या आकड्यांवरून स्वतःचा काढता येतो. यादीतून गाळलेले उंचवटेही कारणासह ठेवावेत.

नाहीशी झालेली बेटे पुसून टाकू नयेत. फिलिपाइन्समधील ताल सरोवरातील ज्वालामुखी बेटावर विवराचे तळे होते आणि त्या तळ्यात व्हल्कन पॉइंट नावाचा छोटा खडक होता. जानेवारी २०२० च्या उद्रेकात ते तळे आटले आणि खडकही गेला. अशा नोंदीसमोर ज्या वर्षापर्यंत बेट होते ते वर्ष घालावे. अरल समुद्र आटत गेला तसे वोझ्रोझ्देनिये बेट आधी कित्येक पटींनी वाढले आणि २००१ च्या सुमारास काठाला जोडले गेले. त्याच्या नोंदीत वाढत्या क्षेत्रफळाचे टप्पे देणे आवश्यक आहे, कारण शेवटचे क्षेत्रफळ एवढेच दिले तर ते एके काळचे मोठे बेट होते असा गैरसमज होतो. धरणाची उंची वाढली, गाळाने खिंड भरून आली किंवा पाण्याचा वापर बदलला की माथे सहसा तेच राहतात. अशा वेळी फक्त खिंडी आणि पातळी नव्याने मोजाव्यात.